तेलाच्या पिंपावरचे हात

वसंता, तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. फोन ठेवला, उरलेला अर्धा गाल नीट उरकला आणि मगच बायकोला सांगितलं. त्या दिवशी तुझ्या अंगणात जो तो 'ऐकून पायाखालची जमीन सरकली' असं म्हणत होता, म्हणून मुद्दाम लिहितो. माझी काही सरकली नाही. वाशीमहून कारंजाची गाडी धरली, कारंजाहून कामरगावची. खिडकीशी बसून सगळ्या वाटेनं तुला शिव्या देत आलो. त्यातल्या निम्म्या तरी तुझ्या तोंडावर द्यायच्या राहून गेल्या, दुःख म्हणशील तर एवढंच होतं.

माणूस मेला की लगेच चांगला होतो. तुझ्या बाबतीत मी ते होऊ देणार नाही. तू कधी वेळेवर आला नाहीस. दुसऱ्याच्या ताटातली भाकरी न विचारता उचललीस. कुणाचं ऐकून घेणं तुला माहीत नव्हतं. आणि माझ्या बापाच्या बाबतीत तू जे केलंस, त्यासाठी त्या उन्हाळ्यानंतर मी तुझ्याशी एक शब्द बोललो नाही. त्याचा मला आजवर पश्चात्ताप झालेला नाही.

तुझ्या मयताला शहरातली पोरं आली होती. नागपूरची, पुण्याची. केस वाढवलेली, काळे कपडे, पाठीवर गिटारी. तुझ्या चुलतभावाला वाटलं निवडणुकीची माणसं आली, त्यानं त्यांना खुर्च्या दिल्या. त्यांच्यातली एक पोरगी माझ्याकडे आली, ड्रम वाजवते म्हणे. 'काका, तुम्हीच मनोहर ना? आपल्या बोलीत असं गाता येतं, हे आम्हाला तुमच्यामुळे कळलं.' आपली रेकॉर्ड नव्यानं काढताहेत. मागच्या बाजूला वाजवणाऱ्यांची नावं छापायची आहेत. सगळी मिळाली, एक सोडून. शेवटच्या तुकड्यात पिंप कोण वाजवतंय?

मी म्हटलं, मला माहीत नाही.

'वसंतकाकांना किती वेळा विचारलं,' ती म्हणाली. 'ते म्हणायचे, ते सांगणं माझं काम नाही, मन्याचं आहे.'

बघ. मरतानासुद्धा ओझं माझ्याच गळ्यात टाकून गेलास. आपला ड्रमवाला रफिक केव्हाच गेला, आता तू गेलास, त्या पिंपावर कोणाचे हात होते हे सांगणारा मी एकटा उरलो. सांगितलं तर माझ्या बापानं झाकून ठेवलेलं उघडं पडतं. नाही सांगितलं तर ते हात कायमचे बिननावाचे राहतात. गेले चार रोज मी याच एका गोष्टीवर कुढत होतो, आणि हे लिहायला बसलोय तेही त्यासाठीच.

आठवतं तुला, तू गिटार घेऊन आलास तो दिवस? नागपूरच्या कुठल्याशा अँग्लो-इंडियन रेल्वेवाल्याकडून आणली होतीस, त्याच्याकडच्या विलायती रेकॉर्डी ऐकून तुझं डोकं फिरलं होतं. गिटार विजेवरची, आणि तिला जोडायचं यंत्रच नाही. मग तू लाउडस्पीकरवाल्याचा लग्नातला भोंगा भाड्यानं आणलास आणि तार त्यात खुपसलीस. असा फाटका, खरखरीत आवाज निघाला की तुझ्या गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं. मी कानात बोटं घातली. तू मात्र उडी मारलीस. 'ऐकलं काय बे? हेच. हेच पाह्यजे मले!' आज पुण्याची पोरं तोच फाटका आवाज काढायला महागड्या पेट्या विकत घेतात. म्हशीला सगळ्यात आधी कळलं होतं, एवढंच म्हणतो.

मी शब्द लिहायचो आणि गायचो. कारंजाच्या लग्नाच्या बँडातला रफिक ड्रम वाजवायचा. नाव तू ठेवलंस, 'कामरगाव एक्सप्रेस'. गावात रूळ नाही, स्टेशन नाही, आणि म्हणे एक्सप्रेस. लोक हसले. आपण जे वाजवत होतो त्याला रॉक म्हणतात हे आपल्याला तरी कुठे माहीत होतं. माझं 'जीप' गाणं ऐकून तुझ्या पाटील आजोबांनी विचारलं होतं, हे गाणं आहे की तक्रारअर्ज.

जीप आली, जीप गेली, धूर राह्यला,
आमचा हात वरचा वर राह्यला.

आमच्या वस्तीच्या फाट्यावर जीपवाला थांबायचा नाही, पुढे जाऊन गावच्या चौकातच थांबायचा. ते गाणं तुझ्या जिभेवर कधी बसलं नाही. बसणार कसं? तुझ्यासाठी जीप थांबायची.

मुंबईच्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीच्या मालकाची सासुरवाडी कारंजाची. तिथल्या एका लग्नात त्यानं आपल्याला ऐकलं आणि काय वेड लागलं कोण जाणे, एक चष्मेवाला साहेब आणि स्पूलचा टेप पाठवून दिला. दुष्काळ होऊन गेल्यावरचा उन्हाळा होता. कारंजातलं एक जिनिंग हंगाम संपून बंद पडलं होतं आणि तिथं माझा बा चौकीदार होता. त्याच्या ओळखीनं शेड मिळाली. तीन बाजूंनी कापसाच्या उरलेल्या गाठी, वर पत्रे. ऊन चढलं की पत्रे कडकडायला लागत आणि मशीनमध्ये तो आवाज जाई, म्हणून आपण पहाटे सुरू करून सकाळीच थांबायचो. पंखा बंद. साहेब बनियनवर बसून घाम पुसायचा आणि म्हणायचा, मी इथे मरणार. रेकॉर्डचं नाव 'पत्र्याखाली' पडलं ते त्यावरून. बा आपल्याला चहा आणून द्यायचा आणि दारातल्या तेलाच्या रिकाम्या पिंपावर बसून ऐकायचा.

आणि मग तुला ते खूळ सुचलं.

'मन्या, मले शेवटी तो ठेका पाह्यजे. आमच्या अंगणात पोयाच्या दिशी वाजे तो. लहानपनी ऐकला होता मी.'

'तो ठेका मेला,' मी म्हणालो. 'छप्पन साली.'

'ठेका मरते काय बे?'

'मारला आमी. आमच्या हातानं.'

तुला माहीत नव्हतं असं नाही. पोळा असो, तुमच्या घरचं लग्न असो, तुझ्या आजोबांचा माणूस वस्तीच्या तोंडाशी येऊन 'किसन्या' अशी हाक मारायचा आणि माझा बा डफडं घेऊन निघायचा. दिवसभर वाजवायचं आणि संध्याकाळी उरलंसुरलं अन्न पदरात घेऊन यायचं. तो पंचक्रोशीतला सगळ्यात चांगला वाजवणारा होता, आणि म्हणून त्याला सगळ्यात जास्त बोलावणी यायची. छप्पन साली वस्तीनं बुद्धाचा धम्म घेतला तेव्हा सगळी डफडी विहिरीजवळ आणली गेली. प्रत्येकानं आपापलं कातडं स्वतः फाडायचं आणि पुन्हा कधी वाजवायचं नाही, असं ठरलं होतं. बानं विळ्यानं फाडलं, कडं आगीत टाकलं आणि म्हणाला, 'हे हात आता जोडाले आन् कामाले.' मी लहान होतो, त्या धुराचा वास तेवढा आठवतो.

तू म्हणालास, 'पन काय ठेका होता यार! लय भारी वाटे.'

'तुले भारी वाटे. तुमच्या घरची ती ऐट होती, आमच्या घरची वेठ होती. रेकॉर्डीत तो येनार नाई. आला तं मी नाई.'

तू गप्प बसलास. तू गप्प बसलास की तुझं ठरलेलं असायचं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी तहसीलच्या नोकरीची मुलाखत होती म्हणून मी वाशीमला गेलो. परत आलो तोवर साहेबानं शेवटचा तुकडा भरून स्पूल डब्यात बंद केलं होतं. शब्द नसलेला तुकडा. मी चिडलो, शब्द का नाहीत म्हणून. 'त्याले शब्द नाई लागत,' तू म्हणालास. त्यात पिंप वाजवलंय असं साहेब बोलून गेला; कोणी वाजवलं विचारलं तर म्हणालास, रफिकनं. रफिक सिगारेट ओढत पत्र्यांकडे बघत होता.

रेकॉर्ड आली आणि कोणी तिला विचारलं नाही. रेडिओवाल्यांनी भाषा अशुद्ध म्हणून परत केली. शहरातल्यांना ती गावंढळ वाटली, गावातल्यांना विलायती. कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली. कारंजाच्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं तेवढी मैत्री म्हणून दुकानाच्या दारात लावली, आणि आपण तिघं बाहेर उभं राहून लोकांचे चेहरे बघत होतो; मीही ती तिथंच पहिल्यांदा ऐकत होतो. तो शेवटचा तुकडा लागला तेव्हा आमच्या वस्तीतला सोनबाजी रस्त्यानं चालला होता. म्हातारा थबकला.

'हे पिंप कोन वाजवून राह्यलं?'

'रफिक,' मी म्हणालो.

'रफिक नाई. हे किसनाचे हात हायेत. डावा हात जरासा मांगून पडते, पाह्य. मुद्दाम पाडे तो. तसा दुसऱ्या कोनाचा पडे नाई.'

त्याचा आवाज इतका चढला की दुकानदारानं घाबरून सुई उचलली. तुकडा अर्ध्यात तुटला. मी तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस.

त्या रविवारी विहारात वस्ती बसली. सोनबाजीनं बाला विचारलं, 'किसन, तू वाजवलं का?' बा मान खाली घालून बसला होता, हात मांडीवर. सोनबाजीनं परत विचारलं. आणि तेवढ्यात तू आलास. बोलावलेलं नसताना, चपला दारात काढून, सगळ्यांच्या मधून चालत पुढे आलास.

'किसनकाकाले माहीत नाई,' तू म्हणालास. 'ते रफिकले पिंपावर बोटानं समजावून राह्यले होते. मी मशीन चालू केलं. चोरून. दोष माहा हाय.'

'चोरून? काहून?'

'मले ठेका पाह्यजे होता. आन् त्यायनं डफड्याले हात नाई लावला, पिंप होतं ते.'

'पिंप असो का परात,' सोनबाजी म्हणाला, 'हात कोनाचे होते?'

वस्तीचा निकाल झाला तो असा, की पाटलाच्या नातवानं किसनाला फसवलं. बाचं नाव साफ झालं. बाहेर आल्यावर मी तुझ्या थोबाडीत मारली. तू गालावर हातही ठेवला नाहीस, सायकल घेतलीस आणि गेलास. मला वाटलं, पाटलाच्या घरचा माज आहे, एका वस्तीतल्या पोराच्या हातचं खाल्लं तरी मान वाकत नाही.

त्यानंतर बँड संपला. मी वाशीमला नोकरीला लागलो, तू शेती बघायला लागलास. रेकॉर्ड मी घरात ठेवली नाही. ऐकलीही नाही, कोणाकडेही नाही. पुढे जुन्या बाजारात कुणाला तरी ती सापडली, कॅसेटी निघाल्या, आणि गावोगावची पोरं आपापल्या बोलीत, आपापल्या भोंग्यांतून ओरडायला लागली. माझा एक साहेब कौतुकानं म्हणाला, 'अहो, तुम्ही मोठे निघालात की!' मी म्हटलं, फाइल ठेवू का. मुलाखतीला आलेल्यांना मी दारातूनच परत पाठवायचो. ज्या रेकॉर्डीत माझ्या बापाचे हात चोरून भरले आहेत तिच्याबद्दल मी काय बोलणार होतो?

बा माझ्याकडे वाशीमला राहायला आला. संध्याकाळी ओसरीवर बसायचा, हात मांडीवर. नातवंडांनी थाळी वाजवली की उठून आत जायचा. मला वाटायचं, त्याला तो अपमान आठवतो. वाटायचं, तू त्याचं काहीतरी कायमचं मोडलंस. मरेपर्यंत तो असाच होता. विहारातली त्याची पहिल्या रांगेतली जागा मात्र शेवटपर्यंत त्याचीच राहिली.

आता त्या दिवसाचं ऐक. तुला जाळून आल्यावर पोरांनी तुझ्या अंगणात वाजवायचं ठरवलं. तुझा चुलतभाऊ नको म्हणत होता, तुझी बायको म्हणाली वाजवू द्या. त्या पोरीनं तुझ्या शेतातल्या खोलीतून एक गंजकं पिंप आणलं. ज्या अंगणात माझ्या बाला हाक मारून बोलवत, त्याच अंगणात ती डफड्याला लागते तशी एक जाड आणि एक बारीक काडी घेऊन बसली. डावा हात जरासा मागून पडत होता. मी उठून जायला निघालो होतो, चपलेत एक पाय घातलाही होता.

ठेका थांबला, आणि सगळी पोरं रडत, हसत एका आवाजात ओरडली,

'वसंता, मशीन अजून एक डाव लाव! आत्ता कुठी हात मोकये झाले!'

मी त्या पोरीला धरूनच विचारलं, हे काय आहे, कोणी शिकवलं. ती दचकली. 'रेकॉर्डच्या अगदी शेवटी आहे ना, काका. वाजवणं थांबतं आणि मग कोणीतरी हे म्हणतं. आमच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी लोक हेच ओरडतात. तुम्ही ऐकलंच नाही?' तिनं फोनची वायर माझ्या कानात घातली.

तुझी गिटार विझत गेली. पिंप थांबलं. आणि बा बोलला. धाप लागलेली होती आणि तो हसत होता, वसंता. मी त्याच्या घरात वाढलो, तो माझ्या घरात मेला, आणि तसं हसताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

म्हणजे मशीन चालू आहे हे त्याला माहीत होतं. तो आपण होऊन बसला होता, नुसत्या बोटांनी नाही, जाड आणि बारीक काडी घेऊन, एवढ्या वर्षांनी, कोणी फर्मावलेलं नसताना. त्याचं एकदा वाजवून मन भरलं नव्हतं. आणि मग विहारात तू खोटं बोललास आणि त्यानं तुला बोलू दिलं.

तुझे आभार मानावेत असं तुला वाटत असेल तर विसर. तुझ्यामुळे तो पहिल्या रांगेत बसला, हे मला कळतं. माझी थोबाडीत खाऊन तू तोंड मिटून राहिलास, हेही कळतं. कळतं म्हणूनच माझा संताप होतो. माझ्या बापाला माझ्यापासून वाचवायचा अधिकार तुला कोणी दिला? त्यानं ते सुख अनुभवलं तेव्हा समोर कोण होतं? तू. ज्याच्या आजोबांनी त्याला 'किसन्या' म्हणून बोलावून घेतलं, त्याचा नातू. आणि त्याचा मुलगा, त्याच बँडाचा गाणारा, वाशीमला खुर्चीत ताठ बसून साहेबांना आपलं शिक्षण सांगत होता. ओसरीवर मांडीवर ठेवलेल्या त्या हातांकडे मी वर्षानुवर्षं पाहिलं आणि त्यांत अपमान वाचला. तू एक निरोप धाडला असतास तर मी त्याच्यापुढे एक पिंप आणून ठेवलं असतं. निदान विचारलं असतं. तुम्ही दोघांनी मिळून मला अर्धा बाप दिला आणि उरलेला अर्धा रेकॉर्डीच्या शेवटी टाकून ठेवला, जिथवर मी जाणार नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. तुझ्या थोबाडीत मारल्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही. आता दुसरीही मारावीशी वाटते.

सांगावं की नाही, यावर मी चार रोज घालवले. सोनबाजी राहिला नाही. वस्तीतली आजची पोरंपोरी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत स्वतःच्या मर्जीनं डफडं वाजवतात, पाहणाऱ्यांत म्हातारेही असतात. पण बानं शब्द दिला होता तो त्या विहिरीजवळच्या आगीपुढे, आणि तो मोडल्याचं आयुष्यभर झाकून ठेवलं होतं. मी ते उघडावं का? बायकोला विचारलं. ती म्हणाली, 'त्यायनंच तं सांगून ठेवलं हाय, स्वतःच्या तोंडानं. गावोगावची पोट्टी वरडून राह्यली, तुमी एकटेच कायले कान झाकून बसले?'

आज सकाळी त्या पोरीला फोन केला. म्हटलं, नाव लिहून घे. किसन तुळशीराम, कामरगाव. माझे वडील. तिनं एकेक शब्द परत म्हणत लिहून घेतलं. मग म्हणाली, 'वाद्य काय लिहू, काका? डफडं लिहू? ठेका तोच आहे ना.'

'नाही,' मी म्हणालो. 'पिंप लिही. डफड्याला त्यांनी हात लावला नव्हता.'

नावं कोणत्या क्रमानं छापायची तेही सांगितलं. पहिलं त्याचं. तुझं त्याच्या खाली. पटत नसेल तर ये भांडायला, मी घरीच आहे.